गाडी का लागते?

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालेली एस.टी. आंबा घाट उतरू लागली, की खिडकीजवळच्या जागेसाठी विनवण्या सुरू होतात. गाडी लागणे हा पित्ताचा विकार, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. म्हणून कोणी उपाशीपोटी निघतो, कोणी लिंबू हुंगत बसतो. वास्तविक या त्रासाचे मूळ पोटात नसून कानात आहे.

अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांना लागून दोन पिशव्या असून त्यांत एका चिकट पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म खडे बसलेले असतात. ड्रायव्हरने ब्रेक मारला की हे खडे पुढे ओढले जातात, खालचे केसांसारखे तंतू वाकतात आणि मेंदूला वर्दी जाते. वळणावर नलिकांतील द्रव मागे रेंगाळतो व तीच वर्दी देतो. गंमत अशी, की या यंत्रणेला वेग मुळीच कळत नाही. कळतो तो फक्त वेगातला किंवा दिशेतला बदल. सरळ रस्त्यावर एकाच वेगाने जाताना डोळे मिटले, तर गाडीचे हादरे व आवाज सोडल्यास आपण चाललो आहोत हे कळायला मार्ग नाही. घाटात मात्र क्षणाक्षणाला बदल!

अशा वेळी प्रवासी वाचत बसला (मग ते हे सदर का असेना), तर डोळे म्हणतात सारे स्थिर आहे, कान म्हणतो आपण वळतो आहोत. या विसंगतीतून घाम, मळमळ, उलटी होते. दोन्ही अंतर्कर्ण निकामी झालेल्या माणसाला गाडी लागत नाही. ड्रायव्हरलाही सहसा लागत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच ठाऊक असते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास अधिक होतो.

तेव्हा शक्यतो पुढे बसावे, डोके टेकवून लांबच्या रस्त्याकडे पाहावे. उपाशी राहू नये, हलके खावे. गोळी निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. तिने झोप येते, म्हणून वाहन चालविणाऱ्याने ती घेऊ नये. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलांना देण्याची पद्धत धोक्याची आहे.

प्रवास नसतानाही घरात बसल्या जागी गरगरत असेल, एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर ते गाडी लागणे नव्हे. कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवावे.