व्यवस्थापनातील माहिती प्रणाली : वारणेचा धडा

व्यवस्थापन म्हणजे निर्णय, आणि निर्णयाचा आधार म्हणजे माहिती. मात्र नोंद आणि माहिती यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. एका शेतकऱ्याने अमुक तारखेला अमुक क्षेत्रात ऊस लावला, ही झाली नोंद. अशा असंख्य नोंदी तारखांनुसार लावून कोणत्या गावी केव्हा तोडणी करावी हे ठरविता आले, म्हणजे त्यांची माहिती होते. नोंद घेणे, तिची जुळणी करणे, फलित योग्य व्यक्तीकडे पोहोचविणे आणि आढळलेली चूक मूळ नोंदीत दुरुस्त करणे, या साखळीस माहिती प्रणाली म्हणतात.

सहकारी साखर कारखान्यात तिचे तीन स्तर दिसतात. वजनकाट्यावर प्रत्येक गाडीचे वजन लागते. शेतकी अधिकाऱ्यास तोडणीचा कार्यक्रम लागतो. संचालक मंडळास एकूण गाळप व साखर उतारा हवा असतो. प्रत्येकास त्याच्या निर्णयापुरतेच, परंतु वेळेवर मिळावे, हे प्रणालीचे मर्म होय. तोडलेला ऊस पडून राहिला तर वजन घटते व साखरही कमी होते. पहिल्याचा तोटा शेतकऱ्यास, दुसऱ्याचा कारखान्यास.

कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरात १९९८ साली केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह यांनी सुमारे ७० गावांत संगणक केंद्रांची योजना हाती घेतली. शेतीविषयक विविध माहिती गावात मिळावी, हा हेतू होता. प्रत्यक्षात केंद्रांचा उपयोग मुख्यतः ऊस, खत व देयके यांच्या नोंदींसाठीच झाला. पुढे एका संशोधन प्रयोगात ७ गावांतील संगणकांऐवजी मोबाइल दूरध्वनीवरील लघुसंदेश वापरण्यात आले. यंत्र लहान झाले, खर्च घटला. आणि आपल्या उसाचे वजन शेतकऱ्यास केंद्रावर न जाताही विचारता येऊ लागले.

यंत्र म्हणजे प्रणाली नव्हे, हा त्यातील धडा. ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही असो वा शाळेचा हजेरीपट, प्रत्येक रकान्याबाबत दोन प्रश्न विचारावेत : यावरून निर्णय कोण घेणार? आणि त्याच्यापर्यंत तो वेळेत पोहोचतो काय? उत्तर नसेल, तर तो रकाना केवळ कागदच वाढवितो.