आधी सर्जन, मग संशोधक? नव्हे, दोन्ही एकदम

‘डॉक्टर होऊ दे’ इथवर बहरीनच्या हमद टाउनमधल्या मराठी घरांत सहसा एकमत असतं. ‘सर्जन होऊ दे’ म्हटलं की आईच्या कपाळावर आठी पडते, कारण शिक्षणाची वर्षं वाढतात. आणि अकरावीतली मुलगी जेवताना म्हणाली, की मला कॅन्सरची सर्जरी शिकायची आहे आणि त्यात संशोधनही करायचं आहे, तर बाबांचा प्रश्न ठरलेला असतो: मग कमावणार कधी? प्रश्न अगदी रास्त आहे. आखातातली नोकरी कंत्राटावर चालते, राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो, आणि मुलांचं शिक्षण पुरं होईपर्यंत आपण इथे असू की नाही हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. अशा घराला नुसतं ‘मुलांना आवडेल ते करू द्या’ म्हणणं बेजबाबदारपणाचं ठरेल. ही वाट किती लांबीची आहे आणि त्या वाटेवर नेमकं काय काम असतं, ते आधी नीट पाहू.

बहुतेक पालकांच्या मनात संशोधक म्हणजे प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला माणूस, आणि सर्जन म्हणजे त्याच्या अगदी उलट. शस्त्रक्रियेचा इतिहास वेगळं सांगतो. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराचे थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियेत वाकबगार होते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, रुग्ण घरी गेला, इथे त्यांनी काम संपवलं नाही. जुन्या रुग्णांना त्यांनी पुन्हा बोलावून तपासलं. ज्यांची थायरॉईड ग्रंथी पूर्ण काढली होती त्यातले बरेच जण सुस्त, सुजलेले आणि मंदबुद्धी झालेले दिसले. 1883 मध्ये त्यांनी हे सर्वांसमोर मांडलं आणि संपूर्ण ग्रंथी काढण्याची आपली पद्धत बदलली. या ग्रंथीचं शरीरात काम काय, हे जगाला कळण्यात त्या फेरतपासणीचा मोठा वाटा आहे. 1909 चं नोबेल पारितोषिक त्यांना थायरॉईडवरच्या कामासाठी मिळालं. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी 1896 मध्ये स्तनाच्या वाढलेल्या कर्करोगात अंडाशय काढल्यावर गाठी आक्रसतात हे दाखवलं. ‘हॉर्मोन’ हा शब्दही तेव्हा रुळलेला नव्हता. अंतःस्रावी ग्रंथींची सर्जरी आणि कॅन्सरची सर्जरी एकमेकींच्या शेजारी का नांदतात, ते इथे लक्षात येतं. स्तन, प्रोस्टेट, थायरॉईड यांच्या गाठींमागे हॉर्मोनचा हात असतो, आणि त्या गाठींना हात घालणाऱ्या सर्जनला हॉर्मोन कळावेच लागतात.

आता आपल्या माणसाकडे वळू. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले स्तनाच्या कर्करोगाचे सर्जन डॉ. राजेंद्र बडवे पुढे टाटा मेमोरियल सेंटरचे संचालक झाले, 2013 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण विद्यार्थ्यांनी त्यांच्या पदांपेक्षा त्यांच्या एका प्रश्नाचा प्रवास पाहावा, असं मला मनापासून वाटतं. लंडनच्या गाइज रुग्णालयात काम करताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाळी चालू असलेल्या 249 स्त्रियांच्या जुन्या नोंदी काढल्या. शस्त्रक्रिया मासिक चक्राच्या कोणत्या दिवशी झाली, एवढीच गोष्ट त्यांनी ताडून पाहिली. चक्राच्या 3 ते 12 या दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 54 टक्के स्त्रिया दहा वर्षं जगल्या, तर बाकीच्या दिवसांत झालेल्यांपैकी 84 टक्के. हा निबंध 1991 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगभर चर्चा झाली. इतर रुग्णालयांनी आपापल्या नोंदी तपासल्या. काहींना तसंच आढळलं, काहींना नाही.

इथे एखादा माणूस आपलं म्हणणं रेटत बसला असता. बडव्यांनी चाचणी उभी केली. चक्राच्या उत्तरार्धात शरीरात प्रोजेस्टेरॉन जास्त असतं, मग शस्त्रक्रियेआधी त्याचं एकच इंजेक्शन दिलं तर? एक हजार स्त्रियांची चिठ्ठी टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी झाली. 2011 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा एकत्र विचार केला तर फायदा सिद्ध झाला नाही. काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचलेल्यांमध्ये मात्र तो दिसला. असा अर्धवट निकाल जसाच्या तसा छापायला धैर्य लागतं.

त्यापुढचं काम मला अधिक मोलाचं वाटतं. रोग शरीरात इतरत्र पसरलेल्या अवस्थेत येणाऱ्या स्त्रियांची स्तनातली मूळ गाठ काढावी का? सर्जनचा हात साहजिकच ‘काढू’ म्हणतो. टाटामध्ये 350 स्त्रियांवर हे पद्धतशीर तपासलं गेलं. 2015 च्या निकालात शस्त्रक्रिया झालेल्यांचं मध्यम आयुर्मान 19.2 महिने निघालं, न झालेल्यांचं 20.5. म्हणजे त्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढत नव्हतं. आपल्याच हातातलं काम कुठे करू नये, हे सर्जननेच सिद्ध केलं. त्यामुळे कितीतरी बायकांची एक निरुपयोगी शस्त्रक्रिया टळते. मुलांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावं, कारण नकारात्मक उत्तरही रुग्णाच्या कामाचं असतं.

शस्त्रक्रियेच्या त्या काही मिनिटांत गाठीच्या आसपास काय घडतं, हा प्रश्न बडव्यांनी सोडला नाही. पुढच्या चाचणीत गाठ काढण्याच्या 7 ते 10 मिनिटं आधी तिच्याभोवती लिडोकेन टोचलं. दात काढताना हिरडी बधिर करतात तेच हे साधं, स्वस्त औषध. देशातल्या अकरा केंद्रांत सुमारे 1600 स्त्रिया यात होत्या. पाच वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण 86.4 टक्क्यांवरून 90.1 टक्क्यांवर गेलेलं दिसलं. हा निबंध 2023 मध्ये आला. 1991 ते 2023 हा हिशेब पालकांनी जरूर करावा. या क्षेत्रात एका प्रश्नाला बत्तीस वर्षं लागू शकतात, आणि त्या सगळ्या वर्षांत शस्त्रक्रिया, ओपीडी, शिकवणं चालूच असतं. म्हणूनच ‘कमावणार कधी’ याचं उत्तर सोपं आहे: पूर्ण शिक्षित सर्जनला पगार मिळतो, संशोधन त्याच नोकरीचा भाग असतो. टाटासारख्या सार्वजनिक संस्थेतला तो पगार मोठ्या खासगी रुग्णालयापेक्षा कमी असतो, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

‘मुलीला सर्जरी झेपेल का’ असं विचारणाऱ्यांनी या निबंधांवरची नावं वाचावीत. डॉ. वाणी परमार, डॉ. नीता नायर, डॉ. शलाका जोशी, रोहिणी हवालदार ही नावं तिथे भेटतात. पहिल्या तिघी स्वतः स्तनाच्या सर्जन आहेत. स्तनाचा आजार घेऊन येणाऱ्या अनेक जणींना बाई सर्जनकडे मन मोकळं करणं सोपं जातं, आखातात तर अधिकच. अनेक आखाती देशांत स्त्रियांमध्ये थायरॉईडचा कर्करोगही वरच्या क्रमांकांत येतो. काम पुष्कळ आहे.

वाट आता थोडक्यात सांगते. नीट देऊन एमबीबीएस साडेपाच वर्षं, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. नीट-पीजी देऊन जनरल सर्जरीत एमएस तीन वर्षं. मग नीट-एसएस देऊन एमसीएच आणखी तीन वर्षं. कॅन्सरसाठी सर्जिकल ऑन्कोलॉजी, अंतःस्रावी ग्रंथींसाठी एंडोक्राइन सर्जरी. नंतरच्या विषयात लखनऊची संजय गांधी पीजीआय आणि वेल्लोरचं सीएमसी ही नावाजलेली ठिकाणं. मध्ये एकही वर्ष वाया गेलं नाही तरी वयाची तिशी गाठली जाते. संशोधनासाठी मात्र तिशीची वाट पाहायची नसते. आयसीएमआरची एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे, तिथे पहिला संशोधन अहवाल लिहून पाहता येतो. एमएसचा प्रबंध तर सक्तीचाच. दुर्दैवाने अनेक जण तो जुन्या प्रबंधावरून उतरवून मोकळे होतात, आणि स्वतःचा प्रश्न शोधण्याची पहिली खरी संधी तिथेच जाते. कॅन्सरमध्ये पुढे आलेल्या तरुण डॉक्टरांना चाचणीचा आराखडा कसा लिहावा हे शिकवणारी ‘क्रेडो’ ही कार्यशाळा टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड 2015 पासून घेत आले आहेत.

बहरीनमध्ये राहणाऱ्यांसाठी खाचखळगे वेगळे आहेत, आणि इथेच घरं फसतात. नीटच्या परदेशी केंद्रांच्या यादीत मनामाचं नाव अलीकडच्या वर्षांत आलं आहे. यंदाची यादी मात्र स्वतः पाहा. महाराष्ट्राच्या 85 टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी, अशी साधारण अट आहे, अपवाद मोजके. ईसा टाउनच्या शाळेतून सीबीएसई करणाऱ्या मुलासमोर म्हणून मुख्यतः अखिल भारतीय 15 टक्के कोटा, एम्स, अभिमत विद्यापीठं आणि खासगी महाविद्यालयांतल्या एनआरआय जागा उरतात. एनआरआय जागेचं शुल्क घर गहाण टाकायला लावतं. एकूण साडेअकरा वर्षांचं शिक्षण आहे, तेव्हा पहिल्याच टप्प्यावर सगळी शिल्लक संपवू नये, हे माझं स्पष्ट मत.

इथेच राहून बुसैतीनच्या आरसीएसआय बहरीनमध्ये शिकता येतं. शेजारीच किंग हमद युनिव्हर्सिटी हॉस्पिटल आणि बहरीन ऑन्कोलॉजी सेंटर आहे, त्यामुळे हा पर्याय वजनदार आहे. पण पुढे भारतात काम करायचं असेल तर नीट पात्रता लागतेच. शिवाय नॅशनल मेडिकल कमिशनच्या 2021 च्या नियमांत परदेशी पदवीसाठी किमान 54 महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप आणि भारतात आणखी 12 महिने, अशा अटी आहेत. ज्या देशात पदवी घेतली तिथे व्यवसायाचा परवाना मिळण्याची पात्रताही लागते. परदेशी नागरिक म्हणून आपल्या मुलाला ती मिळते का, हे प्रवेशाआधी विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या. एजंटच्या तोंडी शब्दावर विसंबू नका.

महाविद्यालय निवडताना इमारत आणि रँकिंगपेक्षा दोन गोष्टी तपासायला सांगते. तिथे रुग्ण किती येतात, आणि त्या रुग्णांचं पाच वर्षांनी काय झालं याच्या नोंदी कोणी ठेवतं का. तेव्हा टाटामध्ये असलेले डॉ. अनिल डिक्रूझ यांनी तोंडाच्या कर्करोगावर केलेली चाचणी 2015 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. मानेतल्या गाठी सुरुवातीलाच काढल्या तर तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण जिवंत होते, नंतर लागेल तेव्हा काढल्या तर 67.5 टक्के. त्या उत्तराने जगभरची पद्धत बदलली. हे शक्य झालं, कारण त्या इमारतीत रुग्ण होते आणि त्यांच्या फायली सांभाळणारी माणसं होती.

आपल्या मुलात ही वृत्ती आहे का, हे गुणपत्रिकेवरून कळणार नाही. प्रयोगवहीत न जुळलेला आकडा तो खोडतो की तसाच ठेवून शिक्षकांना विचारतो, ते पाहा. संख्याशास्त्राचा कंटाळा असेल तर आत्ताच थोडी गोडी लावा, पुढे त्याशिवाय गत्यंतर नाही. आणि एक कळकळीची विनंती. दहावी बहरीनमध्ये की महाराष्ट्रात, याचा निर्णय आठवीतच घ्या, राज्याच्या सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका समोर ठेवून आणि मुलाला शेजारी बसवून. केवळ कोट्यासाठी चौदा वर्षांच्या मुलाला आजीकडे पाठवू नका. त्याची स्वतःची तयारी असेल तरच पाठवा.