शेतावरील तंबू-निवासासाठी जागेची निवड

शेतीला पूरक व्यवसाय म्हणून कृषी पर्यटनाकडे वळणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या वाढत आहे. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण मंजूर केल्यानंतर या व्यवसायाला चालना मिळाली. पाहुण्यांसाठी पक्क्या खोल्या बांधण्याचा खर्च सर्वांना झेपत नाही. त्यामुळे पाच-सहा तंबू घेऊन सुरुवात करण्याकडे अनेकांचा कल असतो. मावळात पवना जलाशयाच्या परिसरात, तसेच अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या आसपास मे अखेर ते जूनमध्ये काजवे पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांकरिता अशी सोय केली जाते.

तंबू बाजारात विकत मिळतो. जागा मात्र आपल्यालाच निवडावी लागते. या निवडीत चूक झाल्यास तंबू फाटण्यावर किंवा अंथरुणे भिजण्यावर निभावतेच असे नाही. रात्री परक्या ठिकाणी झोपलेल्या माणसांच्या जिवाची जबाबदारी आपल्यावर असते.

प्रस्तुत लेखकास काही वर्षांपूर्वी असे एक ठिकाण पाहण्याचा योग आला. शेतकऱ्याने आंब्याच्या सावलीत, ओढ्याच्या कडेला, सपाट वाळूवर पाच तंबू लावले होते. जागा अतिशय देखणी होती आणि ओढा जानेवारीपासून कोरडा होता. मे महिन्यात एका संध्याकाळी वरच्या डोंगरावर वळवाचा पाऊस झाला. तंबूंच्या जागी जेमतेम चार थेंब पडले. मात्र रात्री साडेनऊच्या सुमारास ओढ्याला गुडघाभर पाणी आले आणि पाचही तंबू अंथरुणासह वाहून गेले. पाहुणे त्या वेळी जेवणासाठी वस्तीवर गेले होते, म्हणून जीव वाचले. हीच घटना दोन तासांनी घडली असती तर काय झाले असते, याचा विचार तंबू लावणाऱ्या प्रत्येकाने करावा.

पिकाची जमीन आणि तंबूची जमीन

तंबूसाठी शेतातील चांगली जमीन गुंतवण्याची गरज नाही. उलट काळी, कसदार, पाणी धरून ठेवणारी जमीन तंबूला अयोग्य ठरते. ती पावसात फुगते व चिकट होते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खुंट्या सैल पडतात. माळावरील हलकी, मुरमाड, उथळ जमीन पिकाला कमी उपयोगाची असली तरी तंबूला उत्तम असते. तिच्यात पाणी लवकर जिरते, चिखल होत नाही आणि खुंटी घट्ट बसते. मात्र खाली लगेच कातळ नसावा. फूट-दीड फूट पहार जाईल एवढी खोली असावी.

निचरा पाहण्यासाठी एक फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट खोल खड्डा घ्यावा. तो पाण्याने भरून जिरू द्यावा आणि पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी तासा-दोन तासांत जिरल्यास निचरा चांगला समजावा. सकाळपर्यंत पाणी साचून राहिले तर ती जागा सोडून द्यावी.

जमीन अगदी सपाट नसावी. शंभर फुटाला एक ते दोन फूट एवढा उतार पुरेसा होतो. पाणलोटाच्या कामात वापरतात ती ए-फ्रेम किंवा पारदर्शक नळीत पाणी भरून उतार मोजता येतो. प्रत्येक तंबूखाली मुरमाचा सहा ते नऊ इंच उंचीचा ओटा करून धुम्मसाने ठोकावा. ओट्याच्या वरच्या अंगाला सहा इंच खोलीचा चर काढून त्याचे तोंड खालच्या बाजूस सोडावे.

ओढा, नाला व जलाशयाचा काठ

एका एकरावर ५० मि.मी. पाऊस पडला म्हणजे सुमारे दोन लाख लिटर पाणी पडते. ओढ्याला वरच्या शंभर एकरांचे पाणी येत असेल आणि त्यातील निम्मेच वाहून आले, तरी ते एक कोटी लिटर होते. म्हणून ओढ्याच्या पात्रात, वाळवंटात किंवा दोन ओढ्यांच्या संगमावर तंबू लावू नयेत. ओढा कोरडा दिसतो हे सुरक्षिततेचे लक्षण नव्हे.

पूर कुठवर येतो हे जागाच सांगते. काठच्या बाभळीच्या व करंजाच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा, खोडावरील गाळाची रेघ आणि उघड्या पडलेल्या मुळ्या पाहाव्यात. गावातील वृद्ध माणसांना विचारून सर्वांत मोठ्या पुराची खूण समजून घ्यावी आणि तंबू तिच्या बऱ्याच वर लावावेत. मोठ्या नदीकाठी जलसंपदा विभागाने पूररेषा आखल्या असल्यास त्या पाहाव्यात. निळी रेषा ही सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. धरणाच्या खालच्या अंगाला पात्रालगत मुक्काम ठेवू नये, कारण पाऊस नसतानाही वरून पाणी सोडले जाऊ शकते. जलाशयाच्या काठची संपादित जमीन आपल्या बांधाला लागून असली तरी ती आपली नसते, हेही ध्यानात ठेवावे.

डोंगराचा पायथा

कड्याखालची जागा वाऱ्यापासून आडोसा देते, परंतु पावसाळ्यात ती धोक्याची असते. आंबेगाव तालुक्यातील माळीण (३० जुलै २०१४), महाड तालुक्यातील तळीये (२२ जुलै २०२१) आणि खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) येथील दरडी आपण विसरू शकत नाही. तेथे तर वस्तीची घरे होती. तंबूचा काय पाड! उतारावर नव्या भेगा, तिरकी झालेली झाडे, अचानक फुटलेले किंवा गढूळ झालेले झरे, पायथ्याशी नुकतेच पडलेले दगड यांपैकी एकही खूण दिसल्यास ती जागा वर्षभरासाठी वर्ज्य समजावी. तीव्र उताराखाली पावसाळ्यात तंबू लावूच नयेत.

वारा, थंडी व वीज

वळवाचा वारा कोणत्याही दिशेने येतो. पावसाळ्यात तो मुख्यतः पश्चिम व नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून तंबूचे दार शक्यतो पूर्वेकडे ठेवावे. सकाळचे ऊन आत येऊन दव लवकर सुकते, हा आणखी एक फायदा. पश्चिमेस तीस-चाळीस फुटांवर बांबू किंवा निरगुडीचे दाट कुंपण असल्यास वारा मोडतो.

हिवाळ्यात थंड हवा पाण्यासारखी उतारावरून खाली येते आणि खोलगट भागात साचते. निफाड भागातील द्राक्ष बागायतदारांना हा अनुभव आहे. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या हंगामासाठी दरीचा तळ टाळून उताराच्या मधली जागा घ्यावी. टेकडीचा माथाही नको, कारण तेथे वारा व वीज या दोहोंचा त्रास असतो.

तंबू विजेपासून संरक्षण देत नाही. एकटे उंच झाड, माथा, तारेचे कुंपण व पाण्याचा काठ यांजवळ धोका अधिक असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजावेत. तीस सेकंदांच्या आत आवाज आल्यास वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून पाहुण्यांना पक्क्या घरात न्यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. यासाठी तंबूंपासून दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर सर्वांना पुरेल असे पक्के छप्पर हवेच. ते नसेल तर वळवाच्या दिवसांत तंबू भाड्याने देऊ नयेत. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप भ्रमणध्वनीवर ठेवल्यास विजेची पूर्वसूचना मिळण्यास मदत होते.

झाडाची सावली

दिवसा सावली सुखद असते, म्हणून तंबू झाडाखालीच लावण्याचा मोह होतो. गुलमोहर, सुबाभूळ, शेवगा व नीलगिरी यांच्या फांद्या वाऱ्यात सहज मोडतात. नारळाखाली तर तंबू लावूच नये. झाडाची जेवढी उंची तेवढे अंतर ठेवावे आणि दुपारची सावली पडेल अशा बेताने तंबू पूर्वेच्या अंगाला लावावा. वाळलेल्या फांद्या हंगामापूर्वी छाटून घ्याव्यात.

वड, पिंपळ, सावर अशा मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ आहे का, हे मान वर करून नीट पाहावे. शेकोटीचा धूर झाडात गेला तर माश्या उठतात आणि पळायला जागा उरत नाही. मोहोळ असलेल्या झाडाजवळ मुक्काम व शेकोटी दोन्ही टाळावीत.

साप, विंचू व बिबट्या

उंदीर जेथे, साप तेथे. कडब्याची गंज, दगडांचे ढीग, बिळे असलेले जुने बांध, उकिरडा व खुराडे यांपासून तंबू किमान शंभर फूट दूर असावेत. गारवा नको म्हणून तंबूखाली भाताचा पेंढा पसरण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती बंद करावी, कारण पेंढ्यात उंदीर व विंचू येतात. तंबूभोवती दहा फुटांपर्यंतचे गवत काढावे.

मण्यार रात्री फिरते व जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नसल्याने तो झोपेत कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात. म्हणून तळ शिवलेला व चेन पूर्ण बंद होणारा तंबूच घ्यावा आणि शक्य तेथे खाटा द्याव्यात. कोकणात लाल विंचवाचा दंश जीवघेणा ठरू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या संशोधनामुळे त्यावर परिणामकारक उपचार उपलब्ध झाले, पण रुग्ण वेळेत दवाखान्यात पोचला तरच त्याचा उपयोग. त्यामुळे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रात्रीसुद्धा जिथवर येऊ शकेल असा रस्ता असणे ही जागेची आवश्यक अट समजावी. प्रतिसर्पविष कोणत्या रुग्णालयात उपलब्ध आहे, याची हंगामापूर्वीच चौकशी करावी.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर अशा उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. तेथे उसाच्या फडालगत तंबू नकोत. उरलेले अन्न व मांसाचे तुकडे उघड्यावर टाकू नयेत. त्यासाठी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

फवारणी, वीजवाहिन्या व आग

पर्यटनाचा हंगाम आणि द्राक्षबागेतील फवारण्यांचा हंगाम एकाच वेळी येतो, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. तंबू बागेच्या वाऱ्याखाली नसावेत. मध्ये फवारणी न होणारा पट्टा सोडावा, फवारणीचे वेळापत्रक पाहुण्यांच्या दिवसांप्रमाणे आखावे आणि शेजाऱ्यालाही सांगून ठेवावे. औषधांची खोली व रिकामे डबे कुलूपबंद असावेत. वीजवाहिनीखाली किंवा मोटारीच्या उघड्या केबलजवळ तंबू लावू नयेत.

फेब्रुवारीनंतर गवत वाळते. मुक्कामाच्या जागेभोवती दहा फूट रुंदीची जाळरेषा काढावी. शेकोटी व स्वयंपाक तंबूंपासून वाऱ्याखालच्या अंगाला पन्नास फुटांवर असावा. थंडी कितीही असली तरी कोळशाची शेगडी तंबूत नेऊ देऊ नये. तिच्या विषारी वायूने झोपेतच मृत्यू येतो.

पाणी व स्वच्छतागृह

पिण्याचे पाणी जवळ हवे. विहिरीचे पाणी असल्यास दर हजार लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात चांगल्या प्रतीची ब्लिचिंग पावडर वापरावी व किमान एक तासानंतर पाणी वापरावे. स्वच्छतागृहाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान पन्नास फूट दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. फवारणीची टाकी किंवा पंप पिण्याच्या पाण्यासाठी कधीही वापरू नये.

क्षेत्र किती लागते?

दोन माणसांच्या एका तंबूस मोकळ्या जागेसह २० × २० फूट क्षेत्र धरावे. म्हणजे पाच तंबूंना सुमारे दोन गुंठे होतात. वाट, स्वच्छतागृह, स्वयंपाक व वाहनतळ धरून पाच-सहा गुंठे पुरतात. सुरुवात याहून मोठी करू नये.

जागा पक्की करण्यापूर्वी

१. जागा आपल्या मालकीची आहे का? गायरान, वनजमीन किंवा संपादित जमीन नाही ना?
२. पुराची जुनी खूण जागेच्या खाली आहे का?
३. खड्ड्यातील पाणी जिरले का?
४. वर दरड, फांदी, मोहोळ किंवा वीजवाहिनी नाही ना?
५. पक्के छप्पर दोन-तीन मिनिटांवर आहे का?
६. रुग्णवाहिका येथवर येईल का?
७. आपण स्वतः कुटुंबासह येथे तीन रात्री झोपलो का? त्यांपैकी एक रात्र वाऱ्या-पावसाची होती का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. जेथे आपली मुले झोपवण्यास मन कचरते, तेथे दुसऱ्याची मुले झोपवू नयेत.

सुरुवातीस उल्लेख केलेल्या शेतकऱ्याने पुढील हंगामात ओढा सोडला. बाजरीही धड न येणाऱ्या माळाच्या तुकड्यावर, घराच्या हाकेच्या अंतरावर, त्याने मुरमाचे पाच ओटे केले. सावलीसाठी पश्चिमेस झाडे लावली. पाहुण्यांना ओढा दाखवायला तो दिवसा घेऊन जातो आणि अंधार पडण्यापूर्वी सर्वांना माळावर परत आणतो. आंब्याखालची जागा आजही अधिक देखणी आहे. पण माळावर तो स्वतः निर्धास्त झोपतो, आणि त्याचे पाहुणेही.