लहान ट्रॅक्टरास गवत कापण्याचे यंत्र : पोटाखाली की पाठीमागे?

इटियाडोहाच्या पाटाखाली धान पिकविणाऱ्या पुष्कळ घरी आता बैलजोडीच्या जागी लहान ट्रॅक्टर उभा दिसतो. नांगरणी व चिखलणी आटोपली की तो बरेच दिवस उभाच राहतो. तेव्हा त्यास गवत व धसकटे कापण्याचे यंत्र जोडावे, असा विचार सहज मनात येतो. परंतु हे यंत्र जोडण्याच्या रीती दोन आहेत. आपल्या जमिनीस कोणती मानवेल, हे रक्कम मोजण्यापूर्वीच ठरवावयास पाहिजे.

पहिल्या रीतीत यंत्र ट्रॅक्टरच्या पोटाखाली, पुढील व मागील चाकांच्या मध्ये टांगलेले असते. दुसरीत ते पाठीमागे तीन दांड्यांच्या जोडणीस लावतात व हायड्रॉलिकने उचलतात. पोटाखालच्या यंत्राचे गुण खरे आहेत. ते दोन्ही चाकांच्या मध्ये असल्यामुळे जमिनीच्या उंचसखलपणाशी जुळवून घेते, चालकाच्या नजरेखाली राहते आणि गवत एकसारखे कापते. मागील चाकाखाली गवत दबण्यापूर्वीच ते कापले जाते. पाठीमागच्या यंत्राचे तसे नाही. पुढील चाक उंचवट्यावर चढले की मागचे यंत्र खाली झुकते, आणि चाकाखाली दबलेले काही गवत न कापता राहते.

एवढे वाचून कोणी म्हणेल की पोटाखालचेच यंत्र उत्तम. परंतु निकाल देण्यापूर्वी पुढील चार बाबी तपासाव्या.

१. जमीन. गाढवी नदीवरील हे धरण १९७० साली पुरे झाले. आपल्या बांध्यांची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. एका बांधीतून दुसरीत जाताना धुरा ओलांडावा लागतो. पोटाखाली यंत्र असले की ट्रॅक्टर व जमीन यांतील अंतर कमी होते व यंत्र धुऱ्यावर घासते. पाठीमागचे यंत्र उचलून धरले की धुरा निर्विघ्न पार होतो. मात्र धुऱ्याच्या उतारावरील गवत हे विळ्याचेच काम आहे. तेथे ट्रॅक्टर चढविल्यास उलटण्याचे भय असते.

२. शक्तीचा दांडा. पोटाखालच्या यंत्रास मध्यभागी फिरता दांडा लागतो. आपल्याकडील बहुतेक लहान ट्रॅक्टरांस तो नसतो; मागील दांडाच असतो, व तो सामान्यतः मिनिटास ५४० फेरे घेतो. शिवाय रोटाव्हेटर किंवा नांगर लावण्यासाठी पाठीमागचे यंत्र लवकर सोडता येते. पोटाखालचे काढणे-बसविणे अधिक खटपटीचे असते.

३. गवताचा उपयोग. गवत गुरांस घालावयाचे असल्यास फिरत्या पात्याचे यंत्र घेऊ नये. ते गवताचे तुकडे करून मातीत मिसळते. चाऱ्यासाठी कातरीप्रमाणे चालणाऱ्या दातेरी पट्टीचे यंत्र बरे; त्याने काडी अखंड पडते. पडीत जागेतील झुडपे, आंब्याच्या बागेतील तण व हार्वेस्टरने मागे सोडलेली उंच धसकटे यांस मात्र फिरते पातेच योग्य. धसकटे कापून जमिनीत मुरविली तर ती पेटविण्याची गरज उरत नाही.

४. रुंदी. दाट गवतासाठी यंत्राच्या दर फूट रुंदीस मागील दांड्यावर सुमारे ५ अश्वशक्ती असावी, असा ढोबळ हिशेब आहे. २० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरची सर्व शक्ती दांड्यापर्यंत पोचत नाही. म्हणून त्यास ३ ते साडेतीन फुटांचे यंत्र बेताचे होय. मात्र ते मागील चाकांच्या बाहेरील अंतराहून अरुंद असल्यास चाकांचे पट्टे न कापता राहतात. तेव्हा अंतर मोजूनच खरेदी करावी.

आता स्वतःच्या चुकीचा दाखला देतो. आयुष्य महसुलाच्या दप्तरात गेले. यंत्राचा अभ्यास नोकरी सुटल्यावर सुरू झाला. पाठीमागचे यंत्र घेतल्यावर एकदा ते न उचलताच धुऱ्यावरून ट्रॅक्टर नेला. पाते मातीत रुतले आणि जोडणीतील कच्चा बोल्ट तुटला. हा बोल्ट मुद्दामच कच्चा ठेवलेला असतो. तो तुटतो म्हणून महागडी गिअरपेटी वाचते. हे न जाणता मी त्या जागी कठीण बोल्ट ठोकला. पुढील धडकेस बोल्ट शाबूत राहिला व गिअरपेटी फुटली! दोष यंत्राचा नव्हता, माझा होता. नेमून दिलेल्याच जातीचे दोन-चार बोल्ट जवळ बाळगावे.

याहून मोठी गोष्ट जिवाची. पात्याच्या वर्तुळाचा व्यास १.२ मीटर असेल व ते मिनिटास १,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे २२६ किलोमीटर होतो. त्या वेगाने उडालेला खडा काय करील, हे सांगणे नको. सबब काम चालू असता जवळपास मुले व गुरे नसावी, बाजूच्या साखळ्या व फिरत्या दांड्यावरील आच्छादन कधीही काढू नये, आणि इंजिन बंद करून पाते पूर्ण थांबल्याखेरीज यंत्राखाली हात घालू नये.

तात्पर्य, सपाट, बिनधुऱ्याची बाग किंवा हिरवळ असेल, मध्यभागी दांडा असेल व कापणी सफाईदार हवी असेल, तरच पोटाखालचे यंत्र. धानाच्या बांध्या राखणाऱ्या आपणांस पाठीमागचेच योग्य. तेही वर्षातून पाच-सहा दिवसच चालणार असेल, तर चार शेजाऱ्यांनी मिळून एक घ्यावे, म्हणजे प्रत्येकाच्या डोईवरचे ओझे हलके होईल.