पट्ट्या खाडीत उतरव

चि. मुक्तास,


तुझ्या गंजाच्या प्रोजेक्टचा आराखडा वाचला. सहा धातू, तीन रंग आणि सॉल्ट स्प्रेच्या पेटीत ५०० तास! धातू कमी कर. माइल्ड स्टील, गॅल्व्हनाइज्ड आणि ३१६ स्टेनलेस पुरेत, पण प्रत्येकाच्या निदान तीन-तीन पट्ट्या घे. एका पट्टीवरून काढलेल्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही, आणि अशाच आकड्यांवरून उद्या कुणी जेट्टीच्या खांबाची जाडी ठरवेल.

पेटीत ५ टक्के मिठाचं पाणी ३५ अंशांवर फवारतात. दोन रंगांची तुलना करायला ते ठीक आहे. त्या तासांची समुद्रातली वर्षं मात्र करू नकोस. समुद्राला भरती-ओहोटी आहे, ऊन आहे, जिवाणू-शिंपले आहेत. जेट्टीचा लोखंडी खांब सर्वांत जास्त खाल्ला जातो तो भरतीच्या रेषेच्या वर, जिथे लाटांचे तुषार उडतात. तिथे ओल आणि प्राणवायू दोन्ही भरपूर. भरती-ओहोटीच्या टप्प्यात सुटी पट्टी जोरात गंजते, पण अखंड खांब तिथे बराच वाचतो, कारण पाण्याखालचा भाग स्वतः झिजून त्याला राखतो. म्हणून पट्ट्या खाडीत जेट्टीला बांध, आणि सुट्या पट्ट्यांबरोबर वरपासून खालपर्यंत एक लांब पट्टीही बांध.

पट्टीला चिकटणाऱ्या जिवांकडेही लक्ष दे. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४ साली ब्रिटिश जहाजांच्या तळाच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंडाचे, जस्ताचे तुकडे जोडून पाहिले. तांब्याची झीज खरोखर थांबली. पण झिजताना सुटणारं तांबंच सागरी जिवांना दूर ठेवत होतं. तळाला शिंपले-शेवाळ धरलं, जहाजं मंदावली आणि तो उपाय सोडून द्यावा लागला. तेव्हा झीज मोजायला नुसतं वजन करून थांबू नकोस. पट्टी वर काढलीस की धुण्याआधी फोटो घे, काय काय चिकटलंय ते वहीत लिही.

पट्ट्या बांधायची चौकट प्लॅस्टिकची, बोल्ट नायलॉनचे. स्टेनलेस माइल्ड स्टीलला टेकलं तर माइल्ड स्टील भराभर जाईल आणि तुझे आकडे फुकट. गंज आम्लाने काढताना एक कोरी पट्टीही तेवढाच वेळ बुडव आणि तिची घट वजा कर. ३१६चं वजन जेमतेम कमी होईल. त्यावर खूश होऊ नकोस. बोल्टच्या वॉशरखाली बघ, खड्डे तिथे पडतात. त्यांची खोली मोज.

पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडसर होतं, म्हणून क्षारता दर आठवड्याला नोंद. अर्ध्या पट्ट्या पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी पाण्यातच राहू देत. एका सेमिस्टरमध्ये हे काम पुरं होत नाही. कराईकुडीच्या सिक्री या विद्युतरसायन संशोधन संस्थेचं मंडपमला समुद्रकाठी याच कामाचं केंद्र आहे, त्यांचे निबंध ग्रंथालयातून मिळव.

जेट्टीवर चौकट बांधायला परवानगी लागेल. बंदर कार्यालयात अर्ज याच आठवड्यात दे.

तुझा,
मामा