पाण्यातील औषधांचे अंश व सूर्यप्रकाश

मुळा उजव्या कालव्याच्या पाण्यावर आमच्या सोनईकडे ऊस वाढला, व त्याबरोबर दुभत्या जनावरांचे गोठेही वाढले. जनावर आजारी पडले म्हणजे औषध टोचावे लागते. पुष्कळ औषधांचा बराचसा अंश मलमूत्रावाटे बाहेर पडून पावसाबरोबर ओढ्यास मिळतो. ‘उन्हाने सर्व जळून जाते’ असे कित्येक शेतकरीबंधू म्हणतात. हे म्हणणे अर्धेच खरे आहे.

डायक्लोफेनॅक ह्या वेदनाशामकाचे उदाहरण घेऊ. हे औषध दिलेली गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडे जवळजवळ नामशेष झाली, म्हणून २००६ साली सरकारने जनावरांसाठी ते बंद केले. माणसांसाठी ते अद्याप विकले जाते. स्वित्झर्लंडातील ग्रायफेन सरोवरावरील १९९८ सालच्या संशोधनात असे आढळले की, सरोवरात येणाऱ्या ह्या औषधाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग तेथेच नाहीसा होतो, व त्याचे मुख्य कारण सूर्यप्रकाश होय. उन्हातील अतिनील किरण औषधाचा रेणू स्वतः शोषून घेतो व फुटतो. दुसराही एक मार्ग आहे. पाण्यातील नायट्रेट व कुजलेल्या पाल्याचा अर्क प्रकाश शोषून अतिशय तीव्र असे कण उत्पन्न करतात, आणि ते औषधाच्या रेणूंवर हल्ला करतात. (म्हणून कोणी ओढ्यात खत टाकू नये, त्याचे दुष्परिणाम निराळेच आहेत.)

परंतु प्रत्येक औषध असे फुटत नाही. फेफऱ्यावरील कार्बामाझेपिन उन्हासही बराच काळ दाद देत नाही. टेट्रासायक्लिन वर्गातील औषधे प्रकाशाने फुटतात खरी, पण ती चिकणमातीस घट्ट धरून राहतात, आणि तळाच्या गाळात ऊन कोठून पोहोचणार? पावसाळ्यातील गढूळ पाण्यात हे किरण पृष्ठभागाखाली फार खोल जात नाहीत. विहिरीच्या झऱ्यात तर अंधारच. शिवाय फुटून झालेले नवे पदार्थ निर्विष असतीलच असेही नाही.

तेव्हा गोठा धुतलेले पाणी विहिरीकडे वा ओढ्याकडे न सोडता विहिरीपासून दूर असलेल्या खताच्या खड्ड्यात न्यावे. उरलेल्या औषधाच्या बाटल्या कालव्यावर धुऊ नयेत. त्या गुरांच्या डॉक्टरांकडे परत द्याव्यात.