नॅस स्लो झालं? नवीन घेण्याआधी आलेख पहा



व्हिडिओत आलेख जरा पटापट पुढे गेले, म्हणून तोच धडा इथे सावकाश मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

धरून चला, तिवस्यात तुमचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. लग्नसराईत मोझरी, कुऱ्हा, चांदूर रेल्वेपर्यंतच्या ऑर्डर आहेत. कोपऱ्यात चार डिस्कचं नॅस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचा सामायिक साठा. दोन पोरं त्यावरूनच एडिटिंग करतात. एप्रिल लागला आणि सगळं रखडायला लागलं. एका लग्नाचं २०० जीबी शूटिंग चढवायला पाच तास! विकणारा म्हणतो, "मशीन जुनी झाली, नवीन घ्या." इकडे नवरदेवाचे वडील रोज फोन करतात. तुम्ही कर्जाचा फॉर्म भरायला निघालात.

थांबा भाऊ. स्लो म्हणजे नेमकं किती? कधीपासून? दिवसातून कोणत्या वेळी? याचं उत्तर तुमच्याकडे नसेल, तर तुम्ही अंदाजावर पैसे लावताय.

ही अडचण जुनीच आहे. १९९४ च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची इंटरनेटची लाइन फक्त ६४ किलोबिटची होती आणि ती कशी चालते हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचं होतं. तिथे काम करणाऱ्या टोबियास ओटिकर यांनी त्या लाइनचा आलेख काढणारा प्रोग्रॅम लिहिला. तोच एमआरटीजी. पुढे १९९९ मध्ये त्यांचंच आरआरडीटूल आलं. कॅक्टी, लिब्रेएनएमएस ही फुकट मिळणारी साधनं आजही त्यावर चालतात.

तुम्हाला सुरुवातीला एवढंही लागत नाही. सिनॉलॉजी आणि क्यूनॅपमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' असतो, ट्रूनॅसमध्ये 'रिपोर्टिंग'. सिनॉलॉजीत मात्र सेटिंगमध्ये जाऊन इतिहास साठवणं चालू करा. नाही तर फक्त आत्ताचं दिसेल, कालचं नाही.

कोणत्या चार रेषा पाहायच्या?

१. नेटवर्कचा वेग: सेकंदाला किती एमबी आत-बाहेर जातात.
२. डिस्कची लेटन्सी: एक काम मागितल्यावर डिस्क किती मिलिसेकंदात उत्तर देते. ही प्रत्येक डिस्कची वेगळी पाहा.
३. डिस्कचं तापमान: आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, हे विसरू नका.
४. रिकामी जागा: साठा ८० टक्क्यांच्या वर भरला की सावध व्हा.

आता रेषा वाचायला शिकू.

रेषा ११ एमबीवर सपाट: गिगाबिट नेटवर्कवर मोठी फाइल साधारण ११० एमबीच्या वेगाने जाते. रेषा ११-१२ वरच अडकली असेल, तर कुठेतरी जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे. केबलच्या आठ तारांपैकी एक तुटली किंवा स्विच जुना असला तरी असं होतं. आता हिशेब करा: २०० जीबीला ११ च्या वेगाने पाच तास, ११० च्या वेगाने अर्धा तास. म्हणजे आपल्या स्टुडिओचा आजार नॅसमध्ये नाही, केबलमध्ये निघाला!

नेटवर्क रिकामं, पण सगळ्या डिस्कची लेटन्सी वर: डिस्क दुसऱ्याच कामात गुंतल्या आहेत. वेळ पाहा. रोज सकाळी अकराला उसळी येते का? बॅकअप किंवा रेडची तपासणी तेव्हा लावलेली असेल. ती रात्री न्या. खर्च शून्य.

तीन डिस्क शांत, एकच वर: ही खरी धोक्याची खूण. रेडमध्ये सगळ्यात हळू डिस्कसाठी बाकीच्या थांबून राहतात. त्या डिस्कचा 'स्मार्ट' अहवाल उघडा. 'पेंडिंग सेक्टर' किंवा 'रीअलोकेटेड सेक्टर' वाढत असतील तर आधी बॅकअप घ्या, मग ती डिस्क बदला. आणि लक्षात ठेवा, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेलं लग्न चारही डिस्कवरून पुसलं जातं.

सरासरीला फसू नका

बरीच साधनं दर पाच मिनिटांची सरासरी काढतात. डिस्क ३० सेकंद पूर्ण जाम आणि बाकी साडेचार मिनिटं रिकामी असेल, तर आलेखात दिसेल फक्त १० टक्के. तुम्ही म्हणाल सगळं ठीक आहे, आणि एडिटिंगवाला मात्र वैतागलेला! जुनी माहिती साठवताना ती आणखी गोळा करून दाखवली जाते. म्हणून सरासरीबरोबर कमाल आकडाही पाहा, आणि तक्रार आली की त्याच दिवशी आलेख उघडा. दुकानाचंही तसंच आहे. महिन्याची सरासरी गल्लापेटी बरी दिसते, पण सोमवारी नगद संपली हे ती सांगत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: मोजणी बिघाड झाल्यावर सुरू करू नका. चांगल्या दिवसाचा आलेख जवळ असेल, तरच वाईट दिवस ओळखता येतो. डॉक्टरसुद्धा विचारतात, एरवी बीपी किती असतो?

आजचा गृहपाठ

१० जीबीची एक फाइल निवडा. सात दिवस, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ती कॉम्प्युटरवरून नॅसवर कॉपी करा आणि लागलेला वेळ वहीत लिहा. गिगाबिटवर दीड मिनिटाच्या आसपास लागेल. पंधरा मिनिटं लागली, तर आधी केबल बदलून पाहा. सातव्या दिवशी एकवीस आकडे चौकटीच्या कागदावर मांडा. हा तुमचा पहिला आलेख.

आणि हे सगळं पाहूनही चारही डिस्क दिवसभर दमलेल्या दिसल्या, तर नवीन मशीन जरूर घ्या. पण मग बँकेत आणि दुकानात जाताना हातात अंदाज नसेल, कागद असेल.

तुमच्या वहीत काय निघालं ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात.